विद्यापीठांचे ‘हिरवे’ नंबर कसे लागतात? अमरावती विद्यापीठापासून घाटंजीच्या कॉलेजपर्यंत, समजून घ्या सोप्या भाषेत

घाटंजी (तालुका प्रतिनिधी) : बारावीचा निकाल लागला की गावागावात कॉलेजच्या जाहिराती फिरायला लागतात. बसस्टँडवर बॅनर, व्हॉट्सॲपवर पोस्टर. त्यावर ‘नॅक मानांकित’, ‘ग्रीन कॅम्पस’, ‘शाश्वत विकासात अग्रेसर’ असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते. मायबाप वाचतात, पण याचा नेमका अर्थ काय, हे नंबर कोण देतो, कशावरून देतो अन् आपल्या पोरापोरींच्या डिग्रीला त्याचा काय उपयोग, हे सांगणारे कोणी भेटत नाही. ही माहिती त्यासाठीच आहे.

आपले विद्यापीठ कोणते, किती जुने?

यवतमाळ जिल्ह्यातील कला, वाणिज्य, विज्ञान शाखेची कॉलेजे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. घाटंजीचे गिलानी महाविद्यालयही त्यातच येते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा अन् वाशिम असे पाच जिल्हे या विद्यापीठाकडे आहेत. स्थापना १ मे १९८३ ची, म्हणजे महाराष्ट्र दिनाची.

त्याआधी आपला जिल्हा नागपूर विद्यापीठात होता. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला सुरू झाले. त्याच्याही आधी नागपूरची हिस्लॉप, मॉरिस ही कॉलेजे पहिल्यांदा कलकत्ता अन् नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे परीक्षा इकडे, पण कारभार हजार किलोमीटर दूर. विद्यापीठ नागपूरला आले, मग साठ वर्षांनी अमरावतीला आले. प्रत्येक वेळी ते गावाच्या थोडे जवळ सरकले. तरी आजही घाटंजीहून अमरावती सुमारे १३० किलोमीटर पडते. मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायला गेलेल्या पोराचा अख्खा दिवस त्यात जातो, हे सगळ्यांना माहीत आहे.

२००५ मध्ये विदर्भातील या दोन्ही जुन्या सरकारी विद्यापीठांना संतांची नावे मिळाली. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे, अमरावतीला संत गाडगेबाबांचे. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे अन् रात्री कीर्तन करायचे, ही त्यांची रीत. तुकडोजी महाराजांची ग्रामगीताही गावाची सफाई, शेती, श्रमदान हेच सांगते. ज्याला आज इंग्रजी शिकलेले लोक ‘सस्टेनेबिलिटी’ म्हणतात, त्यातला मोठा भाग या दोघांनी इथल्या धुळीत उभे राहून सांगितला होता.

शाश्वत म्हणजे काय?

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. घरचे बियाणे ठेवायचे असेल तर सगळे सोयाबीन विकून चालत नाही. विहिरीत जेवढे झरते त्याहून जास्त रोज उपसले तर उन्हाळ्यात विहीर कोरडी पडते. आजचे भागवताना उद्याच्या लेकरांचे हिरावून घ्यायचे नाही, याला शाश्वत विकास म्हणतात. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रंटलँड आयोगाने याची जी व्याख्या केली तिचा अर्थ हाच आहे. २०१५ मध्ये जगातील १९३ देशांनी मिळून १७ उद्दिष्टे ठरवली. गरिबी हटवणे, भूक मिटवणे, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, स्वच्छ पाणी, स्वच्छ ऊर्जा, हवामान, जंगल वगैरे. मुदत २०३० पर्यंतची.

म्हणजे शाश्वत म्हटले की फक्त झाडे लावणे नाही. गावातील कोलाम समाजाच्या पोरीला पदवीपर्यंत शिकता येते का, हेही त्यातच येते.

जगात नंबर देणाऱ्या तीन मोठ्या याद्या

१) यूआय ग्रीनमेट्रिक : ही यादी इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० मध्ये सुरू केली. पहिल्या वर्षी ३५ देशांतील ९५ विद्यापीठे होती. एकूण १०,००० गुण. अनेक वर्षे चालत आलेली वाटणी अशी :

- परिसर व मोकळी जागा : १,५००
- ऊर्जा व हवामान बदल : २,१००
- कचरा : १,८००
- पाणी : १,०००
- वाहतूक : १,८००
- शिक्षण व संशोधन : १,८००

सौर पॅनेल किती, माणशी वीज किती लागते, कचऱ्याचे काय होते, आवारात गाड्या किती येतात, पावसाचे पाणी मुरवतात का, असे प्रश्न यात असतात. या यादीत नेदरलँडचे वागेनिंगन विद्यापीठ सलग अनेक वर्षे पहिले आले. हे विद्यापीठ शेतीचे आहे अन् सरकारी आहे. त्याची सुरुवात १८७६ मध्ये सरकारी शेतकी शाळा म्हणून झाली होती. गाडगेबाबांचे जन्मवर्षही तेच.

२) टाइम्स हायर एज्युकेशनची इम्पॅक्ट क्रमवारी : लंडनच्या या संस्थेने २०१९ मध्ये सुरू केली. पहिल्या वर्षी ७६ देशांतील ४५० च्या वर विद्यापीठे होती, पुढच्या काही वर्षांत ती दोन हजारांच्या आसपास गेली. ही यादी सरळ त्या १७ उद्दिष्टांवर चालते. विद्यापीठाने १७ वे उद्दिष्ट, म्हणजे भागीदारी, घ्यावेच लागते. त्याला २२ टक्के वजन. बाकीच्यांपैकी ज्या तीन उद्दिष्टांत विद्यापीठाचे काम सगळ्यात चांगले, त्यांना प्रत्येकी २६ टक्के. म्हणजे पोराला सहा विषयांतील चांगले तीन धरून टक्के काढू दिले, तसा प्रकार. ज्यात कच्चे, ते झाकले जाते. या यादीत ऑस्ट्रेलियाचे वेस्टर्न सिडनी विद्यापीठ २०२२ पासून सलग चार वर्षे पहिले होते.

३) क्यूएस सस्टेनेबिलिटी क्रमवारी : ही पहिल्यांदा ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. पर्यावरण ४५ टक्के, समाज ४५ टक्के, कारभार १० टक्के, अशी वाटणी. पहिल्या वेळी अमेरिकेतील बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ वर आले. तेही १८६८ चे जुने सरकारी विद्यापीठ. या यादीत संशोधन अन् जगातील नाव याला मोठे महत्त्व असल्याने ग्रामीण भागातल्या विद्यापीठांना ती जड जाते.

भारतातील दोन गोष्टी : नॅक अन् एनआयआरएफ

घाटंजीच्या पालकाला वरच्या तीन याद्यांपेक्षा या दोन जास्त कामाच्या आहेत.

नॅक ही संस्था १९९४ ची, मुख्यालय बंगळुरूला. ही नंबर देत नाही, मानांकन देते. आतापर्यंतच्या पद्धतीत सात निकष अन् एकूण १,००० गुण होते. त्यातील सातवा निकष १०० गुणांचा. मुलींसाठी सोयी, दिव्यांगांसाठी रॅम्प, सौर ऊर्जा, एलईडी दिवे, कचरा व्यवस्थापन, पाणी अडवणे-जिरवणे, प्लास्टिकबंदी, हरित लेखापरीक्षण हे सगळे यात येते. बॅनरवरचे ‘ग्रीन कॅम्पस’ बहुतेक वेळा इथून आलेले असते. म्हणजे कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली तर ती फक्त हिरवेपणासाठी मिळाली, असे समजू नये. त्यातले ९०० गुण शिकवणे, संशोधन, इमारत, कारभार वगैरेंचे असतात. नॅकची पद्धत आता बदलते आहे. ए, बी अशा श्रेणीऐवजी ‘मान्यताप्राप्त आहे की नाही’ एवढेच सांगण्याकडे ती चालली आहे.

एनआयआरएफ ही केंद्र सरकारची क्रमवारी. पहिली यादी २०१६ मध्ये आली. २०२४ पासून राज्य सरकारी विद्यापीठांची वेगळी यादी निघते. २०२५ मध्ये शाश्वत विकास उद्दिष्टांची नवी वर्गवारी त्यात आली. त्यामुळे इथून पुढे आपल्याकडच्या जाहिरातींत हा शब्द आणखी दिसेल.

माहिती कोण भरतो? खरा पेच इथे आहे

या बहुतेक याद्यांमध्ये माहिती विद्यापीठ स्वतः भरते. सोबत फोटो, बिले, परिपत्रके जोडते. यादी काढणारे ती तपासतात, पण बहुतांशी कागदावरच. प्रत्यक्ष येऊन नळ उघडून कोणी बघत नाही. नॅकची समिती मात्र प्रत्यक्ष यायची.

गावकऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. २०००-०१ मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. तपासणी समिती यायची म्हटली की गावात रात्रभर झाडझूड, चुना, रांगोळ्या. कित्येक गावांनी त्यातून खरोखर कायमची सवय लावून घेतली. काही गावांत समितीची गाडी गेली अन् उकिरडा परत जागेवर आला. अभियान वाईट नव्हते. पण बक्षीस हेच ध्येय झाले की काम कागदापुरते उरते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

दुसरे उदाहरण वॉटर कपचे. पाणी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांत ही स्पर्धा घेतली, त्यात यवतमाळ जिल्ह्यातील तालुकेही होते. तिथे चर किती खोदले, बांध किती घातले, हे टेप लावून मोजले जायचे. पाऊस पडल्यावर पाणी थांबले की नाही, हे गाव स्वतः बघायचे. मोजणी वावरात झाली की खोटेपणाला जागा कमी राहते.

विद्यापीठांच्या क्रमवारीवर जगभर टीका होते ती याच मुद्द्यावर. नेदरलँडच्या उट्रेख्ट विद्यापीठाने, जे १६३६ चे आहे, २०२३ मध्ये टाइम्सच्या मुख्य जागतिक क्रमवारीला माहिती देणेच थांबवले. नंबरांच्या मागे लागून शिक्षकांचा वेळ अन् लक्ष भलतीकडे जाते, एवढ्या मोठ्या संस्थेचे काम एका आकड्यात मावत नाही, अशी त्यांची भूमिका.

आवार हिरवे, पण पाच जिल्ह्यांचे काय?

अमरावती विद्यापीठाचे आवार साडेचारशे एकरांच्या वर आहे. शेजारी पोहरा-मालखेडचे जंगल. आवारात बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. मोकळी जागा अन् झाडे यांचे गुण अशा विद्यापीठाला मिळू शकतात. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे, आवार साडेआठशे एकरांच्या घरात. तळी अन् विहिरी राखून, पावसाचे पाणी साठवून तिथे पाण्याची गरज बऱ्यापैकी आवारातच भागवली जाते. हे काम शिकण्यासारखे आहे.

पण आपल्याकडचे विद्यापीठ एका आवारात संपत नाही. विद्यार्थ्यांचा मोठा भाग घाटंजी, आर्णी, पांढरकवडा, मारेगाव अशा तालुक्यांतील कॉलेजात शिकतो. आवार मोजणाऱ्या यादीत ही कॉलेजे दिसत नाहीत. त्यामुळे तीन गोष्टी निसटतात.

पहिली, प्रवास. ग्रीनमेट्रिकमध्ये वाहतुकीला १,८०० गुण. तिथे गाड्या कमी करा, सायकल वाढवा, बस द्या, असे विचारतात. इकडे खेड्यातले पोरगे मुळातच एसटीने किंवा पायी येते. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. पण कॉलेज सुटते त्या वेळेला बसच नसेल तर पास खिशात राहतो. संध्याकाळी बस नाही म्हणून पोरीचे शिक्षण बारावीवर थांबले, तर ते नुकसान कोणत्याच हिरव्या यादीत मोजले जात नाही.

दुसरी, शेतीचे प्रश्न. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. देशभर बातम्या झाल्या. आरोग्य, पाणी, शेती, मजुरी अशी चार-पाच उद्दिष्टे या एका घटनेत येतात. विद्यापीठातील रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र या सगळ्या विभागांना इथे काम आहे. टिपेश्वर अभयारण्य घाटंजी अन् केळापूर तालुक्यांच्या हद्दीत आहे. तिथल्या कडेच्या गावांत रोही, रानडुकरे पीक खातात अन् वाघाच्या धाकाने राती जागलीला जाता येत नाही. त्यावर अभ्यास झाला अन् तो मराठीत गावापर्यंत आला, तर त्याला शाश्वत म्हणता येईल.

याबाबतीत अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ बघण्यासारखे आहे. ते २० ऑक्टोबर १९६९ चे. कपाशीचा पीकेव्ही रजत, तुरीचा पीकेव्ही तारा, सोयाबीनचा पीडीकेव्ही यलो गोल्ड हे वाण तिथले. यवतमाळचे कृषी विज्ञान केंद्रही त्याच विद्यापीठाचे. वाण वावरात टिकला की नाही, हे शेतकरी दोन हंगामांत सांगतो. त्याला वेगळ्या यादीची गरज पडत नाही.

तिसरी, कमी वापर म्हणजे गुण की गैरसोय? खेड्यातील कॉलेजचे वीजबिल कमी येते. कागदावर ते चांगले दिसते. पण बिल कमी का, तर संगणक कक्ष बंद, पंखे बंद, प्रयोगशाळा आठवड्यातून एकदा उघडते, असे असेल तर ती बचत नाही. एलईडी अन् सौर पॅनेल लावून बिल कमी झाले असेल तर ती बचत. आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो.

मग या नंबरांचा उपयोग काय?

उपयोग आहे. यादीमुळे निदान हिशेब ठेवावा लागतो. विजेचा, पाण्याचा, कचऱ्याचा. आधी तोही कोणी ठेवत नव्हते. केंद्राच्या रूसासारख्या योजनेत निधी देताना नॅक मानांकनाला महत्त्व होते. म्हणजे मानांकन हे पैशाशीही जोडलेले आहे. पदवीच्या मुलांना ‘पर्यावरण अभ्यास’ हा विषय आला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे. वरून बंधन आले की खाली काही तरी हलते. ते कागदावर थांबते की जमिनीवर उतरते, हे बघणे मात्र इथल्या लोकांच्या हातात आहे.

प्रवेश घेताना पालकांनी काय बघावे?

- कॉलेजच्या संकेतस्थळावर नॅकचा अहवाल असतो. त्यातला सातवा निकष उघडून वाचा. फोटो अन् प्रत्यक्ष यांचा मेळ बसतो का, ते कॉलेजात फिरून बघा.
- मुलींचे स्वच्छतागृह उघडे आहे का, त्यात पाणी आहे का? ‘ग्रीन कॅम्पस’चा बोर्ड बघण्याआधी हे बघा.
- पिण्याचे पाणी उन्हाळ्यातही मिळते का, हे शिकत असलेल्या पोरांना विचारा.
- छतावर सौर पॅनेल असेल तर ते चालू आहे का?
- प्रयोगशाळेतील वाया गेलेली रसायने कुठे टाकतात?
- कॉलेज सुटण्याच्या वेळेला आपल्या गावाची बस आहे का?
- एनएसएसचे सात दिवसांचे शिबिर कोणत्या गावात झाले अन् नंतर त्या गावात काय उरले?
- उन्नत भारत अभियान केंद्र सरकारने २०१४ मध्ये सुरू केले. त्यात भाग घेतलेल्या संस्थेने किमान पाच गावे दत्तक घ्यायची असतात. त्यात आपले गाव आहे का, असेल तर काय काम झाले?

गावकऱ्यांचे हक्क

विद्यापीठ सरकारी आहे, म्हणजे ते लोकांच्या पैशावर चालते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठात अधिसभा, म्हणजे सिनेट असते. त्यात नोंदणीकृत पदवीधरांमधून १० प्रतिनिधी निवडून जातात. गावातील जे कोणी या विद्यापीठाचे पदवीधर आहेत, त्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या मतदानाला जीव टाकणारे कित्येक पदवीधर या यादीत नाव घालत नाहीत. मग सिनेटमध्ये घाटंजीच्या बसचा अन् फवारणीचा प्रश्न कोण मांडणार?

दुसरा रस्ता माहिती अधिकाराचा. २००५ चा कायदा विद्यापीठाला अन् अनुदानित कॉलेजांनाही लागू आहे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हरित लेखापरीक्षणाची प्रत, सौर पॅनेलचा खर्च, दत्तक गावांची यादी, तीन वर्षांचे वीजबिल हे सगळे मागता येते. प्रश्न मोघम न लिहिता एकेक कागद नाव घेऊन मागावा, म्हणजे उत्तर टाळता येत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

- ग्रीनमेट्रिक आवार बघते, टाइम्सची यादी १७ उद्दिष्टे बघते, क्यूएस पर्यावरण, समाज अन् कारभार बघते.
- नॅक हे मानांकन आहे, नंबर नाही. ‘हिरवा’ भाग १,००० पैकी १०० गुणांच्या सातव्या निकषात येतो.
- बहुतेक याद्यांत माहिती संस्था स्वतः देते. म्हणून बॅनरवर थांबू नका, प्रत्यक्ष जाऊन बघा.
- अमरावती विद्यापीठाच्या पदवीधरांनी सिनेटसाठी नाव नोंदवावे. नोंदणीची तारीख विद्यापीठ जाहीर करते, तेव्हा डिग्रीची प्रत तयार ठेवावी.